ओढ्याच्या अलीकडे महापालिका, पलीकडे ग्रामपंचायत: तक्रार नेमकी कोणाकडे?

ओढ्याकाठचा | रविवार, रात्री १०:४०

मंडळी, जरा लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

आमची सोसायटी शहराच्या पार टोकाला. मागच्या भिंतीला लागून ओढा. ओढ्याच्या अलीकडे महापालिका, पलीकडे ग्रामपंचायत. शहराचं, गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की चर्चा नावावर घसरते आणि शेड तसंच राहतं.

तर शेड. तीन वर्षांपूर्वी पलीकडच्या काठावर पत्र्याचं शेड उभं राहिलं. भंगाराचा धंदा. धंद्याला माझी हरकत नाही, भंगारवाले नसते तर शहर कधीच कचऱ्यात बुडालं असतं. पण रात्री साडेअकरा झाले की तिथे वायरी जाळतात, आतलं तांबं काढायला. वारा पश्चिमेचा असला की धूर सरळ आमच्या बी विंगमध्ये. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी खिडकीच्या फटीत ओला टॉवेल कोंबून झोपतात.

दुसरं दुखणं राडारोड्याचं. शहरात जुन्या इमारती धडाधड पाडल्या जाताहेत. त्यांचे डंपर रात्री पुलावरून पलीकडे जातात आणि ओढ्यात रिकामे होतात. पलीकडचा काठ दर पावसाळ्यात थोडा थोडा आमच्याकडे सरकतोय. मागच्या पावसात आमच्या पार्किंगमध्ये गुडघाभर पाणी होतं, तेरा दुचाकी गेल्या.

आता तक्रारीचा प्रवास. महापालिकेच्या अ‍ॅपवर टाकली, तिसऱ्या दिवशी ‘निकाली’. शेरा: ‘सदर ठिकाण मनपा हद्दीबाहेर असल्याने तक्रार निकाली काढण्यात येत आहे.’ ग्रामपंचायतीत गेलो. तिथले अधिकारी (आपण अजून ग्रामसेवकच म्हणतो) सज्जन माणूस, चहा पाजला. म्हणाले, शेड गावठाणाबाहेर आहे, बांधकामाचा विषय महानगर विकास प्राधिकरणाचा. प्राधिकरणात अर्जावर आवकचा शिक्का मिळाला, दुसरं काही नाही. धुरासाठी प्रदूषण मंडळ. डंपरसाठी पोलीस, पण ओढ्यापलीकडे ठाणं वेगळं. एका शेडसाठी मी सहा कार्यालयं पाहिली आणि एकाही ठिकाणी कुणी उद्धटपणे बोललं नाही, हे मुद्दाम सांगतो.

प्रश्न असा: शेजारच्या दोन स्थानिक संस्थांनी हद्दीवरच्या अशा भानगडी मिळून निस्तरल्याचं कुणी पाहिलंय का? पाहिलं असेल तर ते कसं जमलं? ‘गाव महापालिकेत घ्या’ हे उत्तर मला माहीत आहे, ते सोडून सांगा.

खवचट_काका | रविवार, रात्री १०:५२

सोपं आहे. शेडमालकाला विनंती करा, शेड वीस फूट अलीकडे घे. मग तक्रार हद्दीत येईल.

सारिका_व | रविवार, रात्री ११:१५

‘निकाली’ हा शब्द वाचून अंगावर काटा आला. आमच्याकडे हद्दीवर कुत्र्यांच्या नसबंदीचंच असं आहे. अलीकडची कुत्री पकडतात, पलीकडची आठवडाभरात रिकाम्या जागेवर हजर. कुत्र्यांना वॉर्डरचना समजावणार कोण?

माजी_ओव्हरसियर | सोमवार, सकाळी ६:२०

एका महापालिकेच्या बांधकाम आणि अतिक्रमण विभागात एकतीस वर्षं काढली, म्हणून लिहितो.

पहिला गैरसमज काढा. दोन्ही काठांवर नियम वेगळे नाहीत. डिसेंबर २०२० पासून मुंबई, एमआयडीसी असे मोजके अपवाद सोडले तर राज्यभर बांधकामाची नियमावली एकच आहे, यूडीसीपीआर. पुस्तक एक, पण ते वाचून नोटीस काढणारे हात वेगळे. महापालिका १९४९ च्या अधिनियमाच्या कलम २६० खाली किंवा एमआरटीपीच्या (राज्याच्या नगररचना कायद्याच्या) कलम ५३ खाली नोटीस देते. ग्रामपंचायत १९५८ च्या अधिनियमाखाली रस्त्यावरचं, सार्वजनिक जागेवरचं अतिक्रमण काढू शकते. गावठाणाबाहेर खाजगी गटातलं शेड म्हटलं की ती प्राधिकरणाकडे बोट दाखवते, आणि ते बोट कायद्याने चुकीचं नसतं. प्राधिकरणाचं म्हणाल तर पुण्याचं पीएमआरडीए घ्या, ६,००० चौरस किलोमीटरच्या वर पसारा. त्यात तुमचं एक शेड.

आता कारवाईचा दिवस. जेसीबी लागतो, बिगारी लागतात, पंच लागतात, चित्रीकरण करणारा लागतो आणि बंदोबस्त लागतो. सगळं जमतं, बंदोबस्त जमत नाही. गणपती, नवरात्र, कुणाची तरी सभा. त्यामुळे अलीकडची तारीख एक आणि पलीकडची दुसरी. मधल्या दिवसांत माल हद्द ओलांडतो. आम्ही एकदा मंगळवारी शेड उतरवलं. शुक्रवारी तेच पत्रे नाल्यापलीकडे उभे होते. पंचनाम्यासाठी आम्ही खडूने घातलेले आकडेसुद्धा पुसले नव्हते त्यांनी.

एकदाच नीट झालं. पलीकडचा अधिकारी माझ्या बॅचचा निघाला. फोनवर ठरलं, एकाच सकाळी सात वाजता दोन्ही काठांवर. त्यांच्याकडे यंत्र नव्हतं, आमचा जेसीबी पुलावरून पलीकडे नेला. दुपारी दोनला दोन्ही काठ मोकळे. मग लेखापरीक्षणवाल्यांनी दीड वर्ष माझ्याकडून खुलासे मागितले: हद्दीबाहेर वापरलेलं डिझेल कोणत्या लेखाशीर्षाखाली टाकलं? मी अखेर ‘पावसाळापूर्व नालेसफाई’मध्ये घातलं. लोकांना वाटतं दोन संस्थांचं वैर असतं. वैर कसलं, डिझेल टाकायला रकाना नसतो.

तुम्हाला सल्ला एकच. आधी हद्दकायम मोजणी मागा. ओढा ही शीव असेल तर आज दिसतो तो ओढा नव्हे, गावनकाशावरचा ओढा.

शिवारातली | सोमवार, सकाळी ९:०५

मी अशाच एका हद्दीवरच्या गावची ग्रामपंचायत सदस्य आहे. पलीकडून बघा जरा.

आमचे ग्रामपंचायत अधिकारी दोन गावं सांभाळतात. त्याखेरीज एक क्लार्क, पाणी सोडणारे एक मामा, दोन सफाई कामगार. लोकसंख्या कागदावर २०११ ची, प्रत्यक्षात तिच्या चौपट तरी, कारण तुमच्या शहराला घर देणं परवडत नाही ते आमच्याकडे भाड्याने राहतात. अतिक्रमण विभाग म्हणजे मामांनाच टिकाव द्यायचा का?

आणि डंपर. तो रिकामा आमच्याकडे होतो, भरतो कुठे? २०१६ च्या राडारोड्याच्या नियमांतच होतं: दिवसाला २० टन किंवा महिन्याला एका कामावर ३०० टन माल निघणार असेल तर तो कुठे, कसा टाकणार याचा आराखडा पालिकेला द्यायचा. इमारत पाडायची परवानगी देताना हा कागद मागितला आणि नंतर तपासला, तर डंपर पुलापर्यंत येणारच नाही. आमच्या काठावर कारवाई मागण्याआधी तुमच्या काठावर तेवढं करून दाखवा.

तुमच्या सोसायट्यांचं मैलापाणीही याच ओढ्याने खाली येतं. आम्ही तक्रार केली तर उत्तर: ‘अर्जदार मनपा हद्दीतील रहिवासी नाही.’ म्हणजे तुम्ही जागेमुळे हद्दीबाहेर, आम्ही माणसं म्हणूनच हद्दीबाहेर.

ओढ्याकाठचा | सोमवार, सकाळी ९:४०

ताई, मान्य. आमचा एसटीपी (मैलापाणी शुद्ध करणारा प्लांट) चालतो, पण शेजारच्या दोन सोसायट्यांचं छातीठोकपणे सांगू शकत नाही. पाडकामाच्या परवानगीचा मुद्दा तर डोक्यातच आला नव्हता.

घरपट्टी_वजा_रस्ता | सोमवार, दुपारी १:१०

ही सगळी मलमपट्टी. गाव महापालिकेत घ्या, प्रश्न संपला. एक शहर, एक आयुक्त, एक अतिक्रमण विभाग.

डोंबिवली_पूर्व | सोमवार, दुपारी १:३५

संपला म्हणता? आमच्याकडची, कल्याण-डोंबिवलीची २७ गावं बघा. १९८३ ला महापालिकेत, २००२ ला बाहेर, २०१५ ला परत आत. पुढे त्यातली १८ पुन्हा बाहेर काढायचा घाट २०२० मध्ये घातला, तो कोर्टात अडकला. प्रत्येक आत-बाहेरीत एक मधला काळ असतो. जुनी संस्था म्हणते आता आमचं नाही, नवी म्हणते दप्तर अजून आलं नाही. त्या फटीत इमारती उगवतात.

आणि एकाच महापालिकेत असूनही काय झालं ते ऐका. ६५ इमारतींच्या बिल्डरांनी महापालिकेच्या खोट्या बांधकाम परवानग्या बनवल्या, त्या दाखवून महारेराची (गृहप्रकल्पांच्या नियामकाची) नोंदणी मिळवली. लोकांनी नोंदणी क्रमांक बघून कर्ज काढलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये हायकोर्टाने इमारती पाडायचा आदेश दिला. दोन सरकारी कार्यालयांनी एकमेकांना ‘हा कागद तुमचाच का?’ एवढं विचारलं असतं तर शेकडो कुटुंबं वाचली असती. परवानग्यांची माहिती ऑनलाइन जोडून घ्यायचं काम नंतर सुरू झालं, ठीक आहे, पण नंतर.

सिंहगडरोड | सोमवार, दुपारी २:२०

विलीनीकरणाचं पुणेरी उदाहरण. १९९७ ला ३८ गावं घेतली, काही वर्षांत त्यातली बरीच पुन्हा सोडली. २०१७ ला ११ घेतली, २०२१ ला आणखी २३. त्या २३ गावांत पाणी, कचरा, रस्ते महापालिकेकडे आणि आराखड्याचं काम मात्र पीएमआरडीएकडेच ठेवलं. एकाच गल्लीचे दोन मालक.

जानेवारी २०२५ मध्ये गुइलेन-बारे या मज्जातंतूंच्या आजाराची साथ आली ती नेमकी याच पट्ट्यात, नांदेड, किरकटवाडी, धायरी, खडकवासला. नांदेड गावातली विहीर चर्चेत आली, मग खाजगी टँकर, मग आरओचे प्लांट. ते प्लांट कुणाच्या परवानगीने चालतात, याचा शोध साथ आल्यावर सुरू झाला! गाव महापालिकेत येऊन साडेतीन वर्षं झाली होती. आत घेणं आणि सांभाळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

शिवारातली | सोमवार, दुपारी ३:००

उरुळी देवाची आणि फुरसुंगी विसरू नका. वर्षानुवर्षं शहराचा कचरा तिथे. २०१७ ला गावं महापालिकेत, २०२४ ला पुन्हा बाहेर, आता स्वतंत्र नगरपरिषद. कचऱ्याचा डोंगर कुठेच गेला नाही, गावंच आत-बाहेर करताहेत.

माजी_ओव्हरसियर | सोमवार, दुपारी ४:१५

विलीनीकरणवाल्यांसाठी आतली गोष्ट. ‘गाव पालिकेत जाणार’ अशी नुसती बातमी आली की गावात वाळूचे ट्रक वाढतात. प्रत्येकाला वाटतं, पालिका येण्याआधी स्लॅब पडला पाहिजे. मग जुन्या तारखेची ग्रामपंचायतीची एनओसी, नमुना ८ चा उतारा, तो दाखवून वीज मीटर. सही २०१६ ची, शाई २०२१ ची. नमुना ८ हा घरपट्टी आकारणीचा कागद आहे, बांधकाम कायदेशीर असल्याचा दाखला नव्हे, हे ऐकून घ्यायला कुणी तयार नसतं.

आणि थांबलं की माफी मिळते हाही अनुभव. गुंठेवारीचा २००१ चा कायदा मुळात १ जानेवारी २००१ पर्यंतच्या कामांसाठी होता, २०२१ च्या दुरुस्तीने मुदत ३१ डिसेंबर २०२० वर गेली. पिंपरी-चिंचवडमध्ये अवैध बांधकामांवरचा शास्तीकर होता, तोही माफ झाला. गरिबाच्या दोन खोल्या नियमित व्हाव्यात, याला माझा विरोध नाही. पण माफीच्या रांगेत पहिला उभा असतो तो आठ मजलेवाला.

पंचगंगा_काठ | सोमवार, संध्याकाळी ६:३०

कोल्हापूरकडनं. आमची महापालिका १९७२ ची, आणि तेव्हापासनं हद्दवाढ शून्य. शहर म्हणतं गावं द्या, गावं म्हणतात घरफाळा कोण भरणार. तोडगा म्हणून २०१७ ला ४२ गावांसाठी प्राधिकरण काढलं. हद्दवाढ हवी असणारे खूश नाहीत, नको असणारेही नाहीत.

पण माझा मुद्दा नदीचा. प्रयाग चिखलीपासनं नृसिंहवाडीपर्यंत पंचगंगा एकच आहे. काठावर कोल्हापूर, मधी ढीगभर ग्रामपंचायती, पुढं इचलकरंजी, त्याच्या पुढं शिरोळ तालुका. जयंती नाल्याचं पाणी मिसळलं की कोल्हापूरकडं बोट, काळ्या ओढ्याचं मिसळलं की इचलकरंजीकडं बोट. २०१२ ला इचलकरंजीत काविळीची साथ आली, माणसं गेली. मासे मेले की पाण्याचे नमुने घ्यायला सगळे एकत्र येतात, तेवढं एक सहकार्य बघितलंय. संयुक्त पंचनामा होतो, बाटल्यांवर सगळ्यांच्या सह्या. मग प्रत्येक जण आपली बाटली घेऊन आपल्या गावाला.

खवचट_काका | सोमवार, संध्याकाळी ६:४५

त्या बाटल्या एका रांगेत ठेवल्या तर तीच महानगर नियोजन समिती.

कलमबहाद्दर | सोमवार, रात्री ८:१०

काका, विनोदात खरं बोललात. ७४ व्या घटनादुरुस्तीने आलेलं कलम २४३ झेडई वाचा. दहा लाखांवर लोकसंख्येच्या महानगर क्षेत्राला नियोजन समिती हवी, तिचे किमान दोनतृतीयांश सदस्य त्या क्षेत्रातल्या नगरपालिकांच्या निवडून आलेल्या सदस्यांनी आणि पंचायतींच्या प्रमुखांनी आपल्यातून निवडायचे. आणि काम काय? नगरपालिका आणि पंचायती यांच्या समान हिताच्या बाबी बघणं, त्यात पाण्याची वाटणीसुद्धा आली. राज्याचा स्वतंत्र कायदाही १९९९ चा आहे. म्हणजे ओढ्याकाठच्यांनी विचारलेल्या प्रश्नाचं टेबल घटनेतच मांडून ठेवलंय. खुर्च्यांवर कोण बसणार हा भाग वेगळा; पुणे आणि पिंपरी दोन्हीकडे मार्च २०२२ पासून काही वर्षं निवडून आलेलं सभागृहच नव्हतं, प्रशासकच होते.

ही समिती आराखडा करते, शेड पाडत नाही, हेही खरं. पण ग्रामपंचायतींच्या कायद्यात शेजारच्या स्थानिक संस्थेबरोबर संयुक्त समिती करायची तरतूद आहे. ती वापरायला कुणाची मनाई नाही.

बाणेर_ते_वाकड | सोमवार, रात्री ८:४०

सहकार्य जमतच नाही असं नाही हो. पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी या बससेवा २००७ मध्ये एकत्र येऊन पीएमपीएमएल झाली, दोन महापालिका ६०:४० च्या हिशेबाने पैसे घालतात. भांडत का होईना, पण घालतात. मुळेच्या पुलावर बस थांबवून ‘पुढे आमची हद्द नाही, उतरा’ असं कुणी म्हणत नाही.

फ्लेक्सग्रस्त | सोमवार, रात्री ९:२५

हद्दीच्या भांडणात माणसं कशी मरतात ते होर्डिंगवर बघा. १३ मे २०२४, घाटकोपर. १२० बाय १२० फुटांचा सांगाडा, मुंबई महापालिकेची कमाल मर्यादा ४० बाय ४०. जागा रेल्वे पोलिसांच्या ताब्यातली, त्यामुळे महापालिकेची परवानगी लागते की नाही यावरच घोळ. १७ माणसं गेली. त्याआधी ऑक्टोबर २०१८, पुण्यात जुन्या बाजाराजवळ, रेल्वेच्या जागेवरचं होर्डिंग, सिग्नलला थांबलेल्या चौघांचा जीव गेला. वाऱ्याला जागेचा सातबारा दिसत नाही.

पूररेषा | सोमवार, रात्री १०:०५

एक जोड. मे २०२५ मध्ये पिंपरी-चिंचवडच्या चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या रेषेतले ३६ बंगले पाडले. निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येईल अशा पुराची. पाडले ते योग्यच. पण नदीला काठ दोन असतात. एका काठावर बंगले पाडायचे आणि समोरच्या काठावर भराव चालू ठेवायचा, तर पाणी मोकळ्या झालेल्या काठावरच येणार. मूळ पोस्टमधलं पार्किंग तेच सांगतंय.

एडिसनचा_नाना | मंगळवार, सकाळी ७:३०

न्यू जर्सीतून. इथे छोट्याशा राज्यात गावंच गावं, एकूण ५६४ नगरपालिका. प्रत्येकीला स्वतःचा मेयर, स्वतःचा कचरा, स्वतःचा अभिमान. बांधकाम संहिता मात्र राज्यभर एकच, तुमच्या यूडीसीपीआरसारखी. लहान गावांना पूर्णवेळ तपासनीस परवडत नाही, म्हणून दोन-तीन गावं मिळून एकच बांधकाम अधिकारी ठेवतात, कुठे आरोग्य अधिकारी एक. २००७ मध्ये त्यासाठी खास कायदा झाला. दोन्ही गावांची सभागृहं ठराव करतात, करारात लिहितात: माणूस पगारावर कुणाच्या, गाडी कुणाची, दंडाचे पैसे कुणाच्या तिजोरीत, कोर्टात उभं कोण राहणार. दहा-बारा पानांचा कंटाळवाणा कागद. पण त्यामुळे शेजारच्या गावचा तपासनीस आमच्या गल्लीत आला तर ‘तुमचा काय संबंध’ असं कुणी म्हणू शकत नाही.

आणि विलीनीकरण? प्रिन्स्टन बरो आणि प्रिन्स्टन टाउनशिप, एक दुसरीच्या पोटात बसलेली, तरी वारंवार नकार देत देत अखेर २०१३ ला एक झाली. तपासनीस वाटून घ्यायला लोक पटकन तयार होतात, गावाचं नाव सोडायला नाही.

खवचट_काका | मंगळवार, सकाळी ७:५०

म्हणजे अमेरिकेतसुद्धा डिझेलचा रकाना आधी ठरवावा लागतो.

माजी_ओव्हरसियर | मंगळवार, सकाळी ८:००

नानांचा कागद १९९८ ला हातात असता तर माझी दीड वर्षं वाचली असती.

बार्देसकर | मंगळवार, सकाळी ११:२०

गोव्यातून एक बरं उदाहरण. कळंगुट, कांदोळी या किनाऱ्यावरच्या पंचायती, पर्यटकांचा कचरा अमाप, टाकायला जागा नाही. तो साळगावच्या डोंगरावर जायचा, साळगावकर चिडलेले असायचे. २०१६ ला तिथेच प्रक्रिया प्रकल्प उभा राहिला आणि आसपासच्या पंचायतींचा कचरा एका ठिकाणी जाऊ लागला. कुरबुरी आहेत, क्षमता वाढवताना परत वाद झाले. पण एकट्या पंचायतीला हे झेपणारं नव्हतं. सरकारने पैसा आणि यंत्रणा घातली म्हणून झालं, नुसत्या शेजारधर्माने झालं नसतं.

घरपट्टी_वजा_रस्ता | मंगळवार, दुपारी १२:१५

ठीक आहे, विलीनीकरणाचं विधान निम्मं मागे घेतो. पण मग उद्या सकाळी ओढ्याकाठच्यांनी करायचं काय? घटना वाचून धूर थांबत नाही.

कलमबहाद्दर | मंगळवार, दुपारी १:०५

प्रांताधिकाऱ्यांकडे जा. त्यांचा अधिकार महापालिकेच्या रेषेवर थांबत नाही. सार्वजनिक उपद्रव थांबवायचा सशर्त आदेश प्रांतांसारखा कार्यकारी दंडाधिकारी काढू शकतो. जुन्या फौजदारी संहितेत ते कलम १३३ होतं, १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेत कलम १५२. धूर, ओढ्याचा अडथळा, दोन्ही त्यात बसवता येतं.

माजी_ओव्हरसियर | मंगळवार, दुपारी १:४०

बरोबर. आणि सहा अर्ज सहा कार्यालयांत देऊ नका. एकच अर्ज, प्रांतांच्या नावे, खाली ‘प्रत’ म्हणून ही सहाही कार्यालयं. प्रत्येकाला दिसू दे की दुसऱ्यालाही गेलंय. मागणी ‘कारवाई करावी’ अशी मोघम नको. ‘संयुक्त स्थळपाहणी करून सक्षम प्राधिकारी कोण, ते लेखी कळवावे’ असं लिहा. स्थळपाहणीचा पंचनामा एकच, सह्या सगळ्यांच्या. एकदा एका कागदावर चार सह्या आल्या की नंतर ‘आमचं नाही’ म्हणायला माणूस दहादा विचार करतो. दाद लागली नाही तर पहिल्या सोमवारचा जिल्हाधिकाऱ्यांचा लोकशाही दिन आहेच.

मोजणी विसरू नका.

शिवारातली | मंगळवार, दुपारी २:२५

अर्जावर ओढ्याच्या दोन्ही काठांच्या सह्या घ्या. आमच्या बाजूलाही धुराने खोकणारी माणसं आहेत. नुसता सोसायटीचा अर्ज आला की गावात ‘फ्लॅटवाल्यांना गाव नको झालंय’ अशी हवा होते आणि शेडमालक त्याच हवेवर जगतो. आणि मैलापाण्याचा मुद्दा त्याच अर्जात घाला. आपलं दुखणं तेवढं लिहिलंत तर मी सही करणार नाही.

ओढ्याकाठचा | सात आठवड्यांनी, शनिवार, दुपारी ४:१०

धागा वर काढतोय. पाच जणांनी व्यनित (व्यक्तिगत निरोपात) विचारलं म्हणून.

अर्ज एकच केला. सह्या १४१, त्यातल्या ५८ पलीकडच्या. (शिवारातली ताईंचं गाव आमचंच शेजारी निघालं, हे त्यांनी तिसऱ्या फोनला सांगितलं!) मैलापाण्याचा मुद्दा घातला, त्यावर आमच्या कमिटीत दोन बैठका आणि एक राजीनामा झाला. तीन आठवडे काही नाही. मग प्रांत कार्यालयाचं पत्र आलं आणि एका गुरुवारी स्थळपाहणी झाली. पाच कार्यालयांची माणसं ओढ्यात उभी. त्यातल्या दोघांची कार्यालयं एकाच इमारतीत, ओळख मात्र इथे झाली. शेजारच्या एका सोसायटीच्या एसटीपीची मोटर जळलेली निघाली, नोटीस त्यांना तिथल्या तिथे. म्हणजे पहिली कारवाई आमच्याच काठावर झाली. ताई हसत होत्या.

डंपर बरेच कमी झालेत. दोन्ही ठाण्यांनी पुलाजवळ आळीपाळीने रात्री गाडी लावायचं मान्य केलं, आठवड्यातून तीन रात्री प्रत्यक्षात लागते. उरलेल्या रात्री कोणत्या ते डंपरवाल्यांना दुसऱ्याच आठवड्यात कळलं.

शेड अजून उभं आहे. पण परवा भूमी अभिलेखवाले येऊन मोजणी करून गेले. ओव्हरसियर काका, तुमच्या पायाशी लोटांगण. गावनकाशावरची शीव जुन्या ओढ्याच्या मध्यातून जाते. राडारोडा टाकून टाकून ओढाच आमच्याकडे सरकवलाय. मूळ पात्र आहे शेडच्या खाली. शेडचा पुढचा साधारण सतरा फुटांचा भाग महापालिका हद्दीत आहे!

खवचट_काका | शनिवार, दुपारी ४:१४

तीन फुटांनी चुकलो.

माजी_ओव्हरसियर | शनिवार, दुपारी ४:५०

मोजणीच्या खुणांचे फोटो काढून ठेवा, दगड रात्रीत हलतात. आता नोटिसा दोन निघतील, पुढच्या भागाला महापालिकेची, मागच्याला प्राधिकरणाची. दोन्हींची मुदत एकाच दिवशी संपेल असं बघा, नाहीतर पुढचे पत्रे मागे जातील आणि मागचे पुढे. बंदोबस्ताचं पत्र आत्ताच टाका, गणपतीनंतरची तारीख मिळेल.

शिवारातली | शनिवार, संध्याकाळी ५:३०

इथे वेगळीच पंचाईत झालीय. त्या शेडची घरपट्टी तीन वर्षं आम्ही पूर्ण घेतलीय, सतरा फुटांसकट. मालक म्हणतो पावत्या आहेत, म्हणजे शेड गावचं. मासिक सभेत सोमवारी विषय येणार आहे. हद्दीबाहेरची पट्टी परत कोणत्या रकान्यातून करायची, हे कुणाला माहीत असेल तर सांगा.

ओढ्याकाठचा | शनिवार, संध्याकाळी ५:४५

ताई, सभेआधी मोजणीच्या नकाशाची प्रत देतो. रविवारी सकाळी आठला पुलाजवळ या. आणि गमबूट घाला, शेडच्या बाजूला अजून चिखल आहे.